निवडुंग व मांसल वनस्पतींची ओळख (नाशिक परिसर)

नाव ठाऊक नसलेले निवडुंग किंवा सक्युलंट (मांसल वनस्पती) कोणत्या कुळातले, कोणत्या प्रजातीचे आणि जमल्यास कोणत्या जातीचे आहे, हे ठरवण्याची पद्धत. यातली पहिली अडचण मराठी शब्दातच आहे. फड्या निवडुंग, त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग हे सगळे आपल्या लेखी निवडुंगच. पण यांतला फड्या तेवढा कॅक्टस, बाकीचे दोन एरंडाच्या कुळातले यूफोर्बिया. कॅक्टस कुळाच्या सुमारे १,८०० जाती आहेत. आफ्रिका आणि श्रीलंकेतही आढळणारी रिप्सॅलिसची एक जात वगळता सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. त्यामुळे अंजनेरीच्या किंवा ब्रह्मगिरीच्या उतारावर काटेरी, मांसल झाड दिसले, तर ते एकतर फड्यासारखे बाहेरून येऊन रुजलेले असते, नाहीतर कॅक्टस नसतेच.

खात्रीची खूण काट्यात नाही, काट्याच्या बुडाशी आहे. कॅक्टसचे काटे, फांद्या आणि फुले ‘ॲरिओल’ नावाच्या लोकरी गादीतून निघतात. फड्याच्या गादीत शिवाय बोटात रुतणारी बारीक कुसळे असतात. त्रिधारी निवडुंगाचे काटे जोडीजोडीने येतात, गादी नसते, आणि खरचटताच पांढरा चीक वाहतो. हा चीक डोळ्यांना फार घातक, म्हणून चाचणी जपून करावी. केवळ चिकावर निकालही देऊ नये, कारण मॅमिलॅरिया या कॅक्टस प्रजातीतल्या काहींनाही दुधी चीक असतो. खोड कोनदार, काटे नाहीत आणि चीकही नाही, असे झाड माळावर भेटले तर ती बहुधा माकडशिंगी. रुईसारख्या जोडशेंगा आणि कापूस लागलेल्या बिया दिसल्या की शंका उरत नाही.

ओळख चुकल्याचा परिणाम देशाने एकदा भोगला आहे. लाल रंग ज्यापासून काढतात तो कोचिनील किडा समजून १७९५ मध्ये भारतात आणलेला किडा भलताच निघाला. तो फड्याच्या एकाच जातीवर जगे, इतरांना तोंड लावत नसे. फड्याच्या त्या इतर जातींच्या बंदोबस्तासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा आणावा लागला.

कोरफड आणि घायपात यांची गल्लत नेहमीची. पान मोडून पाहावे: कोरफडीत गर असतो, घायपातात दोरखंडाचा वाक. घायपात एकदा फुलून मरते, कोरफड पुनःपुन्हा फुलते.

कुंडीतल्या झाडाचा आकार आणि रंग मात्र फसवे. नाशिकच्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन मिळत नाही. गॅलरीतली एचेव्हेरिया (एक सक्युलंट) लांबते, पाने विरळ होतात आणि ती वेगळीच प्रजाती वाटू लागते. उलट डिसेंबरच्या थंडीत तेच झाड लालसर होते. म्हणून फूल येईपर्यंत जातीचे नाव पक्के करू नये, आणि मोबाइल ॲपने एका फोटोवरून सांगितलेले नाव तर केवळ अंदाज समजावे.

नर्सरीतून आणलेल्या कुंडीत आणखी मेख असते. डोक्यावर लाल किंवा पिवळा गोळा असलेला ‘मून कॅक्टस’ म्हणजे एकावर एक कलम केलेली दोन झाडे: वर हरितद्रव्य नसलेले जिम्नोकॅलिशियम नावाचे कॅक्टस, खाली बहुधा ड्रॅगनफ्रूटचे खोड. पावसात वरचा गोळा कुजतो, खालून हिरवा फुटवा येतो, आणि ‘आमच्या कॅक्टसने रंग बदलला’ म्हणून मालक फोटो पाठवतो.