‘थांब या स्थळी’मागचं ग्वाल्हेर

भा. रा. तांबे यांची ‘रे हिंदबांधवा, थांब या स्थळी’ ही कविता महाराष्ट्रात शाळेत किंवा रेडिओवर भेटते. आम्हा ग्वाल्हेरकरांना ‘हे स्थळ’ बोटानं दाखवता येतं. फुलबागेजवळची राणी लक्ष्मीबाईची समाधी. जून १८५८ मध्ये राणी इथे पडली आणि इंग्रजांच्या हाती देह लागू नये म्हणून घाईघाईनं तिला इथेच अग्नी दिला.

तांबे जन्मले मुंगावलीला, शिकले झांशी आणि देवासला. त्यांचा जन्म १८७० च्या दशकातला. म्हणजे त्यांच्या लहानपणी झांशीत सत्तावनची धामधूम डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून असणारच. पुढचं आयुष्य मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानी नोकऱ्यांत गेलं. १९३५ साली माधव जूलियन यांनी त्यांची समग्र कविता संपादित केली, १९३७ साली ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी इथेच वारले.

त्यांना आपण प्रेमाचा आणि संधिप्रकाशाचा कवी म्हणून ओळखतो, ते खरंच आहे. ‘पिवळे तांबुस ऊन कोवळे’ आठवा: मावळतीचं ऊन पडलेला ओढा त्यांना सोनं वाहून नेताना दिसतो. हीच नजर समाधीपाशी आली, की तिथली झाडं आणि झरे अश्रू ढाळू लागतात, दगडांना जिभा फुटतात. तांब्यांचं देशप्रेम असं जागेला, मातीला धरून आहे, आणि म्हणूनच मला ते घोषणांपेक्षा फार खोल वाटतं.

हेही लक्षात ठेवायला हवं, की १८५८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूला होते. फौज उलटली तेव्हा ते आग्र्याला निघून गेले. त्याच दरबाराचा पुढे राजकवी झालेला माणूस राणीसाठी दोन अश्रू मागतो, ही लहान गोष्ट नव्हे.

राणी माहेरची तांबे, मोरोपंतांची लेक. कवितेतही ‘तांबेकुलवीरश्री’ हा शब्द येतो. पण मला जास्त आपला वाटतो तो ‘झांशिवाली’. पुण्याकडचा कवी ‘झाशीची राणी’ म्हणाला असता. हे ‘वाली’ आमच्या घरांतलं, मराठी बोलता बोलता जिभेवर बसलेलं इथलं बोलणं.