सरासरीत हरवलेली डुलकी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांतले दिवसपाळीचे कामगार जास्त चपळ की रात्रपाळीचे? चाचणी सोपी आहे. पडद्यावर खूण उमटली की बटण दाबायचं. ताज्यातवान्या तरुण माणसाला याला साधारण पाव सेकंद, म्हणजे २५० मिलिसेकंद लागतात. खरा कस लागतो तो आकडे हाती आल्यावर.

समजा, दिवसपाळीतल्या एकाच्या नोंदी अशा: २५०, २६०, २७०, २६०, २६०. सरासरी २६०. रात्रपाळीतल्या दुसऱ्याच्या: २४०, २५०, २५०, २६० आणि ८००. सरासरी ३६०. मग हा मंद का? नोंदी चढत्या क्रमाने लावून मधली उचलली, तर ती २५० निघते. म्हणजे हाच किंचित चपळ!

प्रतिसादवेळेचे आकडे नेहमी असेच एका बाजूला लांबतात. शरीराच्या वेगाला मर्यादा आहे, उशिराला नाही. म्हणून ८०० सारखी नोंद सर्रास गाळली जाते. मला ते मुळीच पटत नाही. अपुऱ्या झोपेची खूण नेमकी अशाच नोंदीत सापडते. डिंजेस आणि पॉवेल या संशोधकांनी १९८५ मध्ये मांडलेल्या दहा मिनिटांच्या दक्षता चाचणीत ५०० मिलिसेकंदांपलीकडचा प्रतिसाद 'लक्ष सुटलं' म्हणून मुद्दाम मोजतात. पाळी सुटल्यावर मुंबई-आग्रा महामार्गावरून ताशी ६० किलोमीटरने घरी निघालेल्या माणसाची दुचाकी त्या जादा ५५० मिलिसेकंदांत नऊ मीटर पुढे गेलेली असते. तिथे चार वेळची चपळाई काय कामाची?

तुलना फसायला इतरही कारणं पुरतात. एका गटाला जुना संगणक, दुसऱ्याला नवा दिला, तर यंत्रांमधलाच फरक माणसांच्या नावावर चढतो. नेहमीच्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनीच बदलतं, त्यामुळे खूणही तेवढी उशिरा उमटू शकते. शिवाय ५० कामगारांच्या प्रत्येकी २०० नोंदी घेतल्या, तरी माणसं पन्नासच. दहा हजारांच्या आकड्याने हुरळून जाऊ नये.

जिथे पाळ्या आळीपाळीने बदलतात, तिथे एक चांगली सोय आहे. त्याच कामगाराला दोन्ही पाळ्यांत तपासावं, म्हणजे वय, सवय, स्वभाव यांचा फरक आपोआप बाजूला पडतो. सरावाने हात सुधारतो, तेव्हा निम्म्यांची सुरुवात रात्रपाळीपासून करावी आणि निम्म्यांची दिवसपाळीपासून.