बाणाची काडी आणि रॉकेटचे पंख

काडी मोडलेला बाण पेटवायचा नाही, हे आम्हा वाड्यातल्या पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. एका दिवाळीत तसला एक बाण बाटलीतून सुटून समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साडीत शिरला होता, तेवढं पुरे होतं. काडी असली की बाण वर जातो, नसली की वाट्टेल तिकडे. असं का, हा प्रश्न मात्र तेव्हा पडला नाही. तो पडला चाळीस वर्षांनी, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाच्या कुरणावर, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हातातल्या पुठ्ठ्याच्या रॉकेटमुळे.

या कुरणावर हौशी लोक जमून रॉकेटं उडवतात. एका बाजूला गाड्या, घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा. दुसऱ्या बाजूला दोरी बांधून राखलेली जागा आणि तिच्यात ओळीनं रोवलेल्या, मीटरभर उंचीच्या पोलादी सळया. रॉकेटच्या अंगाला एक बारीक नळी चिकटवलेली असते, ती सळईत ओवायची. मुलीचं रॉकेट म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी, पुढे प्लॅस्टिकचं पोकळ नाक, मागे बाल्सा या हलक्या लाकडाचे तीन पंख आणि पोटात घडी घातलेलं पॅराशूट. धातूचं काही नाही, कारण चुकून कुणाच्या अंगावर आलंच, तर ते चुरगळलं पाहिजे, माणसाला लागता कामा नये.

मोटर विकत आणायची असते, आणि हा नियम या छंदाचा पाया आहे. ऑक्टोबर १९५७मध्ये स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला आणि अमेरिकेतली मुलं तळघरात, गॅरेजमध्ये स्वतः इंधन कालवून रॉकेटं करू लागली. त्यात बोटं गेली, डोळे गेले. त्याआधीच, १९५४मध्ये, नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी बुटांचं दुकान चालवणारे ऑरव्हिल कार्लाइल आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांनी कागदी नळीत दारू ठासून बंद केलेली, एकदाच वापरायची मोटर बनवली होती. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेले हॅरी स्टाइन यांनी ती मोटर लोकांपुढे आणली, आणि कोलोरॅडोतले व्हर्न एस्टेस यांनी ती झपाट्यानं तयार करणारं यंत्र उभारलं. एका चपला विकणाऱ्या माणसाच्या कल्पनेनं किती मुलांचे हात वाचवले असतील, याचा विचार मनात आला की मला त्या दुकानदाराला नमस्कार करावासा वाटतो. आपल्याकडेही फटाके फोडून त्यातली दारू काढून प्रयोग करणारी मुलं दिसतात. ते अजिबात करू नये. पाण्यावर आणि हवेच्या दाबावर उडणारं बाटलीचं रॉकेट करावं, त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे.

मोटर बोटाएवढी असते: ७ सेंटिमीटर लांब, १८ मिलिमीटर जाड. आमच्या मोटरवर ‘बी ६-४’ असं छापलं होतं. ‘बी’ म्हणजे एकूण आवेग, अर्थात रेटा गुणिले तो टिकतो तेवढा वेळ, २.५ ते ५ न्यूटन-सेकंदांच्या दरम्यान. पुढचं प्रत्येक अक्षर याची कमाल मर्यादा दुप्पट करतं. ६ म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. आणि ४ म्हणजे इंधन संपल्यावर थांबायचे चार सेकंद. या चार सेकंदांत मोटरमधला दुसरा थर नुसता धूर सोडत जळत राहतो आणि रॉकेट आपल्या वेगानं वर चढत राहतं. मग तिसरा थर पेटतो, पुढच्या दिशेनं फट्कन वायू सोडतो आणि नाक ढकलून पॅराशूट बाहेर काढतो. म्हणजे रॉकेटचं घड्याळसुद्धा दारूचंच.

उडवण्याआधी तपासणीचं टेबल. तिथे एक पांढऱ्या केसांचे स्वयंसेवक आजोबा बसले होते. त्यांनी पंख हलवून पाहिले, नाक ओढून पाहिलं आणि रॉकेट मोटरसकट बोटावर तोललं. तोल बराच मागे गेला. मुलीनं पंख घट्ट बसावेत म्हणून हौसेनं भरपूर गोंद थापला होता आणि मोटरही शेपटीतच होती. आजोबांनी तोलाच्या जागी दोरा बांधून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “डोक्यावर गरागरा फिरव.” गोफणीसारखं फिरवल्यावर रॉकेटचं नाक पुढे राहायला हवं होतं. ते कधी आडवं, कधी उलटं होत राहिलं. आजोबांनी मान हलवली. हे उडणार नाही.

रॉकेट हवेत असताना कुठेही टेकलेलं नसतं, त्यामुळे ते वळलंच, तर आपल्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे तोलाच्या जागेभोवती, वळतं. नाक जरा कलंडलं की समोरून येणारी हवा त्याच्या कुशीवर आदळते. हा आडवा दाब सगळ्या अंगावर पसरलेला असला, तरी तो एका बिंदूवर एकवटला आहे असं मानता येतं, तो दाबकेंद्र. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर हवा शेपटीला ढकलून नाक पुन्हा सरळ करते. ते पुढे असेल, तर हवा नाकालाच आणखी ढकलते आणि रॉकेट कोलांट्या खातं. पंखांचं काम एवढंच की दाबकेंद्र मागे खेचायचं, जसं धनुष्याच्या बाणाची पिसं करतात. दोन बिंदूंत निदान नळीच्या व्यासाएवढं अंतर हवं. आमच्या बाबतीत २५ मिलिमीटर. ते मोजायची सोपी समीकरणं १९६०च्या दशकात नासातले अभियंता जेम्स बॅरोमन यांनी हौशी मंडळींसाठी मांडली.

आणि इथे मला आमचा बाण आठवला. काडी वजनदार असते, ती गुरुत्वमध्य मागे नेते. पण ती एवढी लांब असते की दाबकेंद्र त्याच्याही मागे जातं. काडी मोडली की हा सगळा हिशेब मोडतो. टिपू सुलतानच्या फौजेतल्या लोखंडी नळीच्या बाणांनाही बांबू बांधलेले असायचे, ते याचसाठी.

मोठमोठी माणसंही इथे चकली आहेत. आमच्या घरापासून ऑबर्न गाव फार लांब नाही. तिथल्या एका शेतात १६ मार्च १९२६ रोजी रॉबर्ट गोडार्डनं द्रवरूप इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. अडीच सेकंद, साडेबारा मीटर उंची. त्या रॉकेटचं इंजिन वरच्या टोकाला होतं आणि टाक्या खाली. वरून ओढलेली वस्तू लंबकासारखी सरळ लोंबत राहील, असं वाटणं साहजिक आहे. पण लंबकाची खुंटी भिंतीत पक्की असते. इंजिन रॉकेटलाच जोडलेलं असतं, त्यामुळे रॉकेट कलंडलं की रेटाही त्याच्याबरोबर कलंडतो आणि सरळ करणारं बळ कुठूनच येत नाही. पुढे गोडार्डनंही इंजिन खालीच नेलं.

आजोबांनी मुलीला सुपारीपेक्षा लहान, पाच ग्रॅमची मातीची गोळी दिली. ती पोकळ नाकात दाबून बसवली. पाच ग्रॅमच, पण नाकाच्या टोकाला. त्यामुळे साठ ग्रॅमच्या रॉकेटचा तोल दीडेक सेंटिमीटर पुढे सरकला. आता गरागरा फिरवल्यावर नाक पुढे राहिलं. मुलीनं तोलाच्या जागी पेन्सिलीनं एक रेघ ओढली.

सळईपासून पाच मीटर मागे उभं राहायचं, किल्ली खोचायची, उलटे आकडे मोजायचे आणि बटण दाबायचं. बॅटरीच्या विजेनं मोटरच्या तोंडातली बारीक तार तापून लाल होते. पेटलंच नाही, तर किल्ली काढून पूर्ण एक मिनिट जवळ जायचं नाही. आमचं पेटलं. सूं करून गेलं ते डोळ्यांना सापडलंच नाही, धुराची रेघच आधी दिसली. रॉकेटचं वजन ०.६ न्यूटन, रेटा ६. म्हणजे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ नऊपट. मीटरभराची सळई सोडतानाच ताशी ४५ किलोमीटर वेग आला होता. हा वेग महत्त्वाचा, कारण पंखांना काम करायला वारं लागतं; तो येईपर्यंत सळईनं हात धरायचा असतो.

तरीही ते सरळ गेलं नाही. वारा ताशी सोळा किलोमीटर होता. वर जाणाऱ्या रॉकेटला समोरची हवा आणि आडवा वारा मिळून सुमारे वीस अंश तिरपी लागते, आणि पंख इमानदारीनं नाक तिकडे वळवतात. छपरावरच्या वातकुक्कुटासारखं रॉकेट वाऱ्याकडे तोंड करतं. म्हणून पंख मोठे असणं नेहमीच चांगलं नाही.

मी शंभर मीटरवर कोनमापक घेऊन उभा होतो. सर्वोच्च बिंदूला कोन ५६ अंश. शंभर गुणिले ५६ अंशांचा टॅन, म्हणजे १४८ मीटर. दहावीत पाठ केलेलं ते कोष्टक आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडलं आणि मला त्याचा खरोखर आनंद झाला. वर फट् असा बारीक आवाज आला, केशरी पॅराशूट उघडलं. सेकंदाला चार मीटर वेगानं खाली यायला ३७ सेकंद लागतात आणि तेवढ्यात वारा त्याला दीडशे मीटरांहून जास्त वाहून नेतो. मुलगी गवतातून पळत सुटली.

त्यानंतर एका मुलाचं रॉकेट गेलं. त्याचं नाक फार घट्ट बसलं होतं, पॅराशूट निघालंच नाही आणि ते सरळ खाली येऊन मातीत रुतलं. “वर बघा!” अशी आरोळी वेळेवर झाली, सगळे उभे राहिले, कुणाला काही झालं नाही. तो मुलगा बराच वेळ त्या चुरगळलेल्या नळीपाशी बसून होता. आजोबा जाऊन त्याच्या शेजारी बसले आणि त्यांनी काचपेपरचा एक तुकडा त्याच्या हातात दिला.

मुलगी परत आली ती रॉकेट नाकाशी धरूनच. “बाबा, याला दिवाळीचा वास येतोय.” मग खुर्चीवर बसून तिनं ते पुन्हा बोटावर तोललं. मोटरमधली दारू जळून गेली होती, शेपूट हलकी झाली होती, आणि तोल पेन्सिलीच्या रेघेच्या बोटभर पुढे आला होता. म्हणजे उडता उडता रॉकेट जास्तच स्थिर होत गेलं होतं. तिनं तिथे दुसरी रेघ ओढली आणि मधलं अंतर मोजायला पट्टी मागितली.