स्कागेफ्लो : कड्यावरची शेतवस्ती

नॉर्वेच्या गायरांगर फ्योर्डमधून, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यातून, बोटीने जाताना मान वर केली की कड्याच्या खांद्यावर चारदोन लाकडी घरं दिसतात. पाण्यापासून सुमारे २५० मीटर उंच. हे स्कागेफ्लो. वर जायला पायवाट आहे. तिला वाट म्हणायचं की नाही हे चढणाऱ्याने ठरवावं.

इतक्या अवघड जागी माणूस का राहिला? देशातली जेमतेम तीन टक्के जमीन कसता येते. त्यामुळे ऊन आणि गवत असलेला कड्यावरचा टप्पाही सोडून चालत नसे. स्कागेफ्लोच्या शेळ्या प्रसिद्ध होत्या. सारा वसूल करणारा आला की वाटेवरची शिडी वर ओढून घेत, अशी दंतकथा आहे. तिला पुरावा मागू नये.

मधोमध गावठाण आणि भोवती शिवार, अशी मांडणी इथे नसते. जो तो आपल्या शेतावर राहतो आणि ओळख शेताच्या नावाने होते. शेत बदललं की माणसाचं आडनावही बदलायचं. १९२३च्या कायद्याने ते कायम झालं. ‘ओदेल’ या वारसाहक्काने अखंड शेत थोरल्याकडे जाई, आणि १९७४च्या कायद्यापर्यंत बहिणीआधी भावाचा नंबर लागे. तुकडे पडत नसत, पण धाकट्यांनी काय करायचं? कुणी दुसऱ्याच्या जमिनीवर खोपट बांधून राबलं, कुणी अमेरिकेची बोट धरली. १८२५नंतरच्या शतकभरात सुमारे आठ लाख लोक गेले.

समोरच्या तीरावर, ‘सात बहिणी’ धबधब्याशेजारची क्निव्सफ्लो वस्ती डोक्यावरचे खडक कोसळतील या भीतीने १८९८मध्ये सोडली गेली. स्कागेफ्लो १९१६मध्ये ओस पडलं. १९७५पासून एका स्थानिक संस्थेने अशा वस्त्यांची डागडुजी हाती घेतली, आणि १९९३मध्ये राजा हाराल्ड व राणी सोन्या यांनी लग्नाचा रौप्यमहोत्सव स्कागेफ्लोला साजरा केला. २००५मध्ये फ्योर्ड जागतिक वारसा यादीत आला.

भीती मात्र आता खालच्या गावांना आहे. १९३४मध्ये जवळच्या ताफ्योर्डमध्ये दरड पाण्यात कोसळून उठलेल्या लाटेने ४० बळी घेतले. जवळच्याच ओकेर्नेसचा डोंगर आजही इंचाइंचाने सरकतो आहे. त्यावर यंत्रांची अहोरात्र नजर असते. तो सुटला तर लाट काही मिनिटांत गायरांगर आणि हेलेसिल्टमध्ये शिरेल. स्कागेफ्लोच्या उंबऱ्यापर्यंत ती पोचणार नाही.