विद्यापीठाची श्रेणी म्हणजे कॉलेजची श्रेणी नव्हे

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडं बसस्टँडबाहेर फ्लेक्स लागतात: ‘नॅक अ श्रेणीप्राप्त विद्यापीठाशी संलग्न’. पालक धरून चालतात की कॉलेजही अ श्रेणीचंच. वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज साफ चुकीचा आहे.

नॅक ही कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासून श्रेणी देणारी बंगळुरूची संस्था, स्थापना १९९४ ची. ती विद्यापीठाचं मूल्यांकन वेगळं करते, संलग्न कॉलेजचं वेगळं. नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठाची श्रेणी तालुक्याच्या कॉलेजला आपोआप लागत नाही. शिवाय श्रेणीला मुदत असते, साधारण ५ वर्षांची. ऑफिसातली फ्रेम मात्र मुदत संपल्यावरही भिंतीवरच असते.

म्हणून लेकराचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजचं स्वतःचं प्रमाणपत्र मागा, त्यावरची तारीख वाचा. आणि प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला लावून आत एक चक्कर टाकाच.