कपाटाची चावी आणि ‘सूर्य’ वाचणारा पोरगा

सांगली जिल्ह्यातल्या एका झेडपीच्या शाळेत मी दर शनिवारी सकाळी लायब्ररीचा तास घ्यायला जाते. लायब्ररी म्हणजे काय, एक लोखंडी कपाट, भिंतीला बांधलेल्या दोन दोऱ्या, त्यावर चिमट्यांनी लटकवलेली पुस्तकं आणि खाली सतरंजी. मागच्या वर्षी तिसरीतला एक पोरगा बोट ठेवून वाचत होता आणि ‘सूर्य’ आला की तो ‘सूयर’ वाचायचा, तीनदा आला, तीनदा ‘सूयर’. पोरं हसली. पण खरं सांगू का, तो डोळ्याला दिसतंय त्याच क्रमाने वाचत होता. रफार बसलाय य च्या डोक्यावर, बोलायचा मात्र य च्या आधी. वेलांटीचं पण तसंच, ‘कि’ लिहिताना ती क च्या आधी येते आणि उच्चार नंतर. कर्म आणि क्रम बघा, अक्षरं तीच, नुसता र वरचा खाली आला आणि शब्दच बदलला. आपल्याला हे कधी अवघड होतं हेच आपण विसरून गेलोय.

बोलायला पोर ऐकून ऐकून शिकतं, वाचायला तसं शिकत नाही. माणूस लिहायला लागून जेमतेम 5 हजार वर्षं झालीत, मेंदू त्याच्या कितीतरी आधीचा, मग वाचनासाठी वेगळी जागा त्यात येणार कुठून? फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांचं म्हणणं असं की चेहरे, वस्तू ओळखणारा मेंदूचा जो मागचा-खालचा भाग आहे, त्यातलाच डाव्या बाजूचा एक तुकडा सरावाने अक्षरांच्या कामाला लागतो. सरावाने, हा शब्द महत्त्वाचा. तोपर्यंत पोर एकेक अक्षर लावत बसतं, आणि तात्पुरत्या आठवणीत एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात, त्यामुळे वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. मग आपण म्हणतो, ह्याला वाचलेलं कळत नाही.

त्याच पोराने ‘ट्रॅक्टर’ मात्र खाडकन वाचला! दोन जोडाक्षरं, वर चंद्र, तरी अडला नाही, कारण ऊस भरलेले ट्रॅक्टर दारावरनं रोज जातात. पुढच्या पानावरच्या ‘पर्जन्य’ला गाडी अडकली. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी 1986 साली वाचनाचं एक साधं गणित मांडलं, अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार, म्हणजे एक बाजू शून्य तर सगळंच शून्य. म्हणून मी आधी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवते, मग पुस्तक हातात देते, पर्जन्य म्हणजे पाऊस हे एकदा कानावर पडलेलं असलं की डोळ्याचं काम निम्मं होतं.

इस्रायलचे वाचन-संशोधक डेव्हिड शेअर यांनी 1995 मध्ये याच्या पुढचं सांगितलं. नवा शब्द पोराने स्वतः धडपडून बरोबर वाचला आणि तो पुन्हा काही वेळा भेटला, की शब्दाचं रूप मनात पक्कं बसतं, नंतर अक्षरं लावायची गरजच राहत नाही. प्रत्येक शब्द कुठले बाई-गुरुजी शिकवणार, पोर वाचता वाचता स्वतःच स्वतःला शिकवतं. पण त्याला शब्द वेगवेगळ्या पानांवर भेटायला तर पाहिजेत! पाठ्यपुस्तक एकच, आणि दिवाळीपर्यंत धडे तोंडपाठ झालेले असतात. विश्वास बसत नसेल तर पोराला धड्याच्या मधल्याच एका ओळीपासून वाचायला सांगा, ते मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत तिथपर्यंत येतं. ते वाचन नव्हे, पाठांतर.

आणि म्हणून मला कुलपाचा इतका राग येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पुस्तकं होती, चांगली होती, पण कपाटात कुलपाआड, कोरीच्या कोरी. पुस्तक फाटलं तर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, काय दाखवायचं ही भीती, आणि ती भीती खोटी नाही, पण ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी ग्रंथालयाचा पहिला नियम 1931 मध्येच लिहून ठेवलाय, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. शेवटी साताऱ्याची सहल कामी आली. पाचगणीजवळचं भिलार हे 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथे लोकांच्या घरात उघडी मांडलेली पुस्तकं पोरांनी बघितली, आमच्या सरांनीही बघितली. दोऱ्या त्यानंतर बांधल्या.

एक चूक माझी झाली. मी पुस्तकामागे एक स्टार असा तक्ता लावला, तर पोरं सगळ्यात पातळ पुस्तकं उचलायला लागली आणि पानं नुसती उलटून परत. 1973 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात नेमकं हेच दिसलं होतं, ज्या लहान मुलांना चित्र काढण्याबद्दल सर्टिफिकेट कबूल केलं होतं ती पुढे आपणहून चित्रं कमी काढायला लागली. तक्ता काढून टाकला. आता पुस्तक ज्याने त्याने निवडायचं, एका पानावर पाच शब्द अडले तर बदलून घ्यायचं, अर्धं सोडलं तरी चालतं.

थंडीत ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्यातली पोरं काही महिने आमच्यात असतात. फेब्रुवारीत त्यातली एक मुलगी म्हणाली, बाई, ह्ये घरी न्हेऊ का? घर म्हणजे कोपी, ऊसतोड्यांची तात्पुरती झोपडी. मी दिलं. पुढच्या शनिवारी कोप्या उठलेल्या होत्या. आमच्या वहीत त्या पुस्तकापुढे परतीची तारीख कोरी आहे, सरांना विचारलं काय लिहायचं, ते म्हणाले, लिहा वाचायला दिलंय.