बैठकीतल्या जुन्या स्टीरिओला टीव्ही जोडताना

नवा टीव्ही भिंतीवर लागला की घरातली म्हातारी माणसं आठवड्याभरात म्हणू लागतात, चित्र झकास आहे, पण बोलणं कळत नाही. नागपुरात एप्रिलपासून कूलर सुरू झाला की ही तक्रार घरातले सगळेच करतात. दोष कानांचा नाही. स्वर खाली उतरून कंपनसंख्या निम्मी झाली, तर तोच आवाज तेवढाच मोठा ठेवायला स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. बोटभर जाडीच्या टीव्हीत तेवढी जागाच नसते. शिवाय त्यातले स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे शब्द ओळखू येण्यासाठी लागणारी व्यंजनं भिंतीवर आपटून पुसट होतात. त्याच बैठकीत शोकेसमध्ये झाकून ठेवलेला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा अॅम्प्लिफायर आणि आठ इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे) दोन स्पीकर असतील, तर नवा साउंडबार घेण्याआधी त्यांच्याकडे बघा.

जुन्या अॅम्प्लिफायरला फक्त एक गोष्ट येत नाही, आकडे वाचणं. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, टीव्हीच्या आवाजात बहुतेक ४८,००० वेळा. अॅम्प्लिफायरला कळतं ते सतत कमीजास्त होणारं व्होल्टेज. आकड्यांचं व्होल्टेज करणारी तळहाताएवढी डबी म्हणजे डॅक. खर्च तिच्यावर करायचा, पण त्याआधी जुना संच धडधाकट आहे का हे तपासायचं.

वर्षानुवर्षं बंद असलेला अॅम्प्लिफायर थेट २३० व्होल्टवर लावू नका. इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे उपकरणाकडे जाणारी वीज आधी एका बल्बमधून नेणारा बोर्ड. त्यात १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा (एलईडी चालत नाही), स्पीकर काढून ठेवा आणि मग स्विच दाबा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. झाकण उघडायचं असेल तर प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये विद्युतभार उरलेला असतो, हे विसरू नका. पुढची तपासणी मल्टिमीटरने करायची. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून पाच मिनिटांनी अॅम्प्लिफायरच्या मागे स्पीकर जोडायच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टपर्यंत असेल तर चिंता नाही. १००च्या वर असेल तर आधी मेकॅनिककडे न्या, कारण हे व्होल्टेज वाढत गेलं की स्पीकरची कॉइल जळते. आठ ओहमच्या स्पीकरचा रोध मीटरवर सहा-सातच्या आसपास दिसतो, ते बरोबरच आहे. वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच भुकटी होत असेल तर तो बदलून मिळतो, त्यासाठी अख्खा स्पीकर फेकू नका.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती आतल्या पट्टीवरच्या धुळीची आणि गंजाची. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा आत मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. बिजागऱ्यांसाठीचा गंज काढणारा स्प्रे इथे वापरू नका. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि उन्हाळ्याची धूळ त्यावरच बसते.

आता जोडणी. बहुतेक टीव्हींच्या मागे ऑप्टिकलचं, म्हणजे उजेडातून आवाज नेणाऱ्या केबलचं, चौकोनी भोक असतं. त्या केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक टोप्या असतात. त्या काढायच्या राहिल्या म्हणून आवाज आला नाही, असं फार वेळा होतं. टीव्ही सुरू असताना दुसऱ्या टोकातून लाल उजेड दिसला की टीव्हीकडची बाजू ठीक, ते टोक डॅकमध्ये लावा. मग सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू'वरून 'पीसीएम'वर (पॅक न केलेल्या साध्या आकड्यांवर) आणा. स्वस्त डॅकला डॉल्बीचं पॅकबंद रूप उलगडता येत नाही. बातम्यांना आवाज आहे पण ओटीटीवरचा सिनेमा मुका, हे याच चुकीचं लक्षण.

डॅकमधून लाल-पांढऱ्या पिनांची केबल अॅम्प्लिफायरच्या ऑक्स, टेप किंवा ट्यूनर सॉकेटमध्ये लावा. फोनोमध्ये चुकूनही नको. ते सॉकेट रेकॉर्डच्या सुईकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असतं, शिवाय ते मुद्दाम खालचे स्वर वाढवतं आणि वरचे दाबतं. डॅक दोन व्होल्टपर्यंत देतो, म्हणजे शेकडो पट जास्त. मागे पाच भोकांचं गोल डिन सॉकेट असेल तर त्यावरचे बारीक आकडे वाचा: ३ डावा, ५ उजवा, २ ग्राउंड. १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी असतात, तिथे जोडलं तर काही ऐकू येत नाही.

ऑक्सवरही हे दोन व्होल्ट पुष्कळ वेळा जड जातात. नॉब जरासा हलवला की घर दणाणतं आणि रात्री हळू आवाज लावताच येत नाही. उपाय चार रेझिस्टरचा आहे. प्रत्येक चॅनेलच्या तारेत १० किलोओहमचा, आणि त्याच्या पुढे, अॅम्प्लिफायरच्या बाजूला, सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये २.२ किलोओहमचा. दोन व्होल्टचे साधारण ०.३५ होतात, जुन्या अॅम्प्लिफायरला मानवेल इतके. पाव वॅटचे मेटल फिल्म रेझिस्टर नागपुरात सीताबर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मागा.

जोडल्यावर ५० हर्ट्झची गुणगुण आली तर घाबरू नका. डिश किंवा केबलची तार एका बाजूने जमिनीला जोडलेली, अॅम्प्लिफायर दुसऱ्या बाजूने, आणि मधल्या ऑडिओ केबलमधून प्रवाहाचं वेटोळं तयार झालेलं असतं. डिशची तार क्षणभर काढून बघा. गुणगुण थांबली तर कारण हेच. ऑप्टिकल केबलमध्ये धातू नसल्यामुळे हे वेटोळं तुटतं, म्हणूनच ती सगळ्यांत चांगली. पण सोय म्हणून डॅकला वीज टीव्हीच्या यूएसबीमधून दिली की तेच वेटोळं पुन्हा जोडलं जातं. त्याला मोबाइलचा वेगळा चार्जर द्या. आणि गुणगुण घालवायला कोणी तीन पिनांतली अर्थिंगची पिन तोडायला सांगितली, तर अजिबात ऐकू नका.

गाण्यांसाठी ब्लूटूथ रिसीव्हर बिनधास्त लावा, टीव्हीसाठी मात्र टाळा. ब्लूटूथमध्ये आवाज साधारण ०.२ सेकंद मागे पडतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो हे धरलं, तर बोलणारा माणूस जणू जवळपास ७० मीटरवर उभा आहे, तेवढा हा उशीर. टीव्हीतली सिंकची (चित्र आणि आवाज जुळवण्याची) सेटिंग आवाज आणखी मागे ढकलू शकते. आधीच मागे राहिलेल्या आवाजासाठी ती सहसा चित्र थांबवून धरत नाही.

नागपूरचा उन्हाळा कंडेन्सरना सोसत नाही. आतलं तापमान दर १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. पारा ४५ला टेकलेला असताना काचेचं शोकेस बंद ठेवणं म्हणजे त्यांना भट्टीत ठेवणं. वर निदान चार इंच जागा सोडा, दारं उघडी ठेवा. कंडेन्सर बदलायचेच असतील तर ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचे घ्या, मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त. संच कूलरच्या झोताबाहेर असू द्या, ओलाव्याने पिना काळ्या पडतात. कूलरचा प्लगही वेगळ्या बोर्डावर हवा, नाहीतर पंप सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये टक् असा आवाज येतो.

शेवटी स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर ठेवा आणि बातम्या लावा. निवेदकाचा आवाज पसरट, कुठूनच न आल्यासारखा वाटला आणि खालचे स्वर पातळ लागले, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट्या आहेत. त्याच एका स्पीकरच्या तारा बदला, आवाज पडद्याच्या बरोबर मधून येऊ लागेल.